आत्यामाप

मी वजनदार बाई आहे. हे वाक्य मी दोन्ही अर्थांनी वापरते, आणि गेल्या वर्षापर्यंत दोन्ही अर्थ खरे होते.

आमच्याकडे बागेतली खेळणी बनतात. झोके, घसरगुंड्या, सीसॉ, गोल फिरणारी चक्रं, पोरांनी लोंबकळायच्या कमानी. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या पाठीला राहायचं घर आणि मधे एक दार. ते दार उघडं राहिलं की वहिनीच्या ओट्यावर लोखंडाचा कीस जातो आणि मग लहान-मोठं न बघता सगळ्यांची खरडपट्टी निघते. धंदा बाबांनी सुरू केला, दादाने वाढवला, आणि आता दादाची मुलगी चालवते. माझी ही भाची शिकलेली इंजिनीयर आहे. घरात तिला सगळे इंजिन म्हणतात. एक तर शिक्षणामुळे, आणि दुसरं म्हणजे ती सकाळी एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण कुठे आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

या सगळ्यात माझं काम बसण्याचं. हसू नका. बाकीचे खेळणी बसवतात, मी खेळण्यांवर बसते. रंगही मीच देते, पण रंग काय, कुणीही देईल. शेडमध्ये एक दणकट लोखंडी चौकट आहे. नवा झोका तयार झाला की तो तिथे टांगायचा. मी त्यावर बसायचं, पायाने रेटा द्यायचा, चांगले उंच हेलकावे घ्यायचे, कुठे करकर वाजतंय का ते कान देऊन ऐकायचं आणि मग म्हणायचं, “जाऊ दे.” मी “जाऊ दे” म्हटलं की माल टेम्पोत चढणार. मी नाही म्हटलं तर दादाने डोकं आपटलं तरी तो झोका शेडच्या बाहेर पडायचा नाही. जुनी गिऱ्हाइकं फोनवर आधी हेच विचारायची, “ताईंनी जाऊ दे म्हटलं का?”

ही रीत कुठून आली ते मी सहसा सांगत नाही. लाज वाटते म्हणून नाही, ऐकणारे उगाच चेहरे पाडतात म्हणून. लहानपणी मी चांगली गोलमटोल होते. शहराच्या मधोमध जी मोठी बाग आहे तिथे तेव्हा एकच झोका होता आणि त्याला ही रांग. माझा नंबर आला, मी दोरीला हात घातला, आणि मागून पोरी ओरडल्या, “तू बसू नकोस! तुटेल!” झोका काही तुटला नाही, कारण मी बसलेच नाही. घरी येऊन सांगितलं की पाय मुरगळला. बाबांनी पाय पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. ते तेव्हा खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये एका फळीवर बसवलं, माझ्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारली आणि रेघेबाहेर वीतभर जागा सोडून फळी कापली. संध्याकाळपर्यंत झोका तयार.

“बस,” बाबा म्हणाले.

बसले.

“वाजतंय काही?”

“नाही.”

“मग जाऊ दे?”

मला वाटलं ते धक्का द्यायचं विचारताहेत. मी ओरडले, “जाऊ दे!” तो झोका बाबांनी त्याच बागेला दिला आणि त्यानंतर फाटकं बनवणं हळूहळू बंदच झालं. “माझ्या पोरीखाली जे टिकतं तेच मी विकतो,” असं ते ज्याला त्याला सांगत. ज्या वजनावरून पोरींनी मला रांगेतून घालवलं ते वजन माझ्या बापाने धंद्याला लावलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो, आणि मी ते लपवत नाही.

फळीचं ते माप शेडमधल्या लाकडी पट्टीवर खाच पाडून ठेवलेलं होतं. मी वाढत गेले तशी खाच सरकत गेली. इंजिन बोलायला लागली आणि मी अख्ख्या शेडची आत्या झाले, तेव्हा त्या खाचेला नाव पडलं आत्यामाप. फळीवर खडूने नुसतं ‘आ. माप’ लिहिलं की मिस्त्रींना पुरे. आमचे मिस्त्री बाबांच्या हाताखाली तयार झालेले. कुठल्याही कामाचं विचारा, “झालंच!” म्हणणार, मग ते काम सुरू व्हायचं असलं तरी.

तर गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, “वजन उतरवा, नाहीतर जिना विसरा.” वहिनीने हे इतकं मनावर घेतलं की मला माझं ताट ओळखू येईना. उकडलेल्या भाज्या, त्यावर आणखी उकडलेल्या भाज्या. रडत-कुरकुरत का होईना, माझा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. गुडघे खूश, डॉक्टर खूश, वहिनी तर आपणच डॉक्टर असल्यासारखी मिरवायला लागली. मी मात्र आरशासमोरून जाताना आत दुसरं कुणी आलंय की काय म्हणून वळून बघायचे.

आणि नेमकं तेव्हाच त्या मोठ्या बागेचं काम आम्हाला मिळालं. जुनी खेळणी काढायची, नवी बसवायची, पायाखाली रबरी लाद्या घालायच्या. इंजिनने आराखडा काढला, तो उद्यान खात्याने जसाच्या तसा मंजूर केला. पोरगी दोन दिवस जमिनीवर नव्हती.

जुनी खेळणी बाबांचीच होती. ती काढायच्या दिवशी मला कुणी बरोबर न्यायला तयार होईना. आत्याला वाईट वाटेल म्हणे. मी टेम्पोत पुढे जाऊन बसले. वाईट काय वाटायचंय? घसरगुंडीचा पत्रा कडेने फाटून वर आला होता, सीसॉचा दांडा आतून पोखरलेला, झोक्याच्या साखळ्या हात लावला की तळहात तांबडा करायच्या. गंज तो गंज, तो बापाच्या लोखंडाला चढला म्हणून काही सोन्याचा होत नाही. बाबा असते तर पहिला घाव त्यांनीच घातला असता. फक्त त्यांनी सगळं इतकं जाड करून ठेवलं होतं की एकेक खांब कापता कापता मिस्त्रींचा घाम निघाला. “तुमच्या वडिलांनी हे पोरांसाठी केलं होतं की रणगाड्यांसाठी?” ते म्हणाले. मी हसून हसून बाकावर बसले. भंगारवाला टेम्पो भरून घेऊन गेला आणि बागेत चार खड्डे राहिले.

खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला, तोही घरच्या घरी. सकाळी शेडमध्ये गेले तर चौकटीखाली वाळूच्या गोण्या रचलेल्या. प्रत्येक गोणीवर वजन लिहिलेलं.

“या कशाला?” मी विचारलं.

“चाचणीला,” इंजिन म्हणाली. हातात पाना, डोळे नट-बोल्टांवर.

“आणि मी कशाला आहे?”

ती थांबली. इंजिन थांबते ते क्वचितच, म्हणून मला आधीच कळायला हवं होतं. “आत्या, आता तू बसू नकोस.”

“का गं?”

“अगं, तुझं वजन दर महिन्याला बदलतंय. गोणीचं बदलत नाही. आणि खरं सांगू का, चाचणीला तू आता हलकी पडतेस.”

तिने ते प्रेमानेच सांगितलं. पण ‘तू बसू नकोस’ हे शब्द माझ्या कानांनी पूर्वी ऐकले होते, आणि ते कान अजून तेच होते. तेव्हा जड म्हणून, आता हलकी म्हणून. म्हणजे माझ्या वजनाला झोक्यावर बसण्याइतकं बरोबर कधी होताच येणार नव्हतं की काय? अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, “गोणीला विचार मग, कुठे वाजतंय ते. सांगेल ती.” आणि रंगाचा डबा उचलून निघून गेले. डबा रिकामा होता हे बाहेर गेल्यावर कळलं, पण परत आत जायची माझी छाती झाली नाही.

आता मी काही अशी-तशी माघार घेणारी नाही. दुपारी सगळे जेवायला गेले तशी मी मागे राहिले. चौकटीला नव्या झोक्यांतला पहिला टांगलेला होता, बाजारातून आणलेल्या नव्या चकचकीत कड्यांवर. फळ्या अजून कापायच्या होत्या, म्हणून चाचणीपुरती शेडमधली एक अरुंद फळी लावलेली. बसले. रेटा दिला. मस्त उंच गेले, कान दिला, काहीसुद्धा वाजलं नाही. मिस्त्री हात पुसत आले तेव्हा त्यांच्यासमोर छाती काढून म्हटलं, “जाऊ दे.”

मिस्त्री म्हणाले, “झालंच.”

संध्याकाळी इंजिनने त्याच झोक्यावर गोण्या चढवल्या आणि तशाच रात्रभर ठेवल्या. सकाळी मी चहाचा कप घेऊन मुद्दाम बघायला गेले, नाकावर टिच्चून. डावीकडची कडी उघडली होती. तुटली नव्हती, पण जोडाशी बोट जाईल एवढं तोंड वासून बसली होती. आणखी एखादा दिवस गेला असता तर साखळी निसटलीच असती.

इंजिन माझ्याकडे बघत नव्हती. तिला मिस्त्रींनी सांगितलेलं होतं हे उघड होतं. ती फोनवर कडीवाल्याला झाडत होती, “अहो, तुम्ही तयार कड्या म्हणून काय पाठवलंय? रद्द सगळ्या. सगळ्या म्हणजे सगळ्या!” कड्या तिनेच मागवल्या होत्या, तेव्हा चूक तिचीही होती, आणि ती तिने तिथल्या तिथे निस्तरली. मी कप खाली ठेवला. मी याच कडीला ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. कुणाचं तरी लेकरू त्या कडीखाली बसलं असतं.

दिवसभर मी एकच विचार करत होते. बाबांचं सगळं माझ्याखाली टिकलं, पण ते रणगाड्याखालीही टिकलं असतं. मग माझ्या बसण्याने नक्की काय कळत होतं? मी पाच मिनिटं बसणार, तीही चहा होईस्तोवर. गोणी रात्रभर लोंबकळते, तिला ना भूक ना हट्ट. उगाच का हार कबूल करायची, असं मला सहसा वाटतं, पण इथे वाद घालायला जागाच नव्हती. संध्याकाळी मी इंजिनला म्हटलं, “तुझी गोणी जिंकली. मी रंगाचं बघते.”

ती म्हणाली, “आत्या, तसं नाही गं...”

“तसंच आहे. लोखंडाच्या कामात लाडीगोडी नको.”

मग मी रंगाचंच बघितलं. घसरगुंडी पिवळी, कमानी निळ्या, झोक्याची चौकट हिरवी. सगळे म्हणाले, यंदा आत्याचा हात फारच छान चाललाय. रागात माझा हात नेहमीच छान चालतो. बसायची वेळ आली की मी मुद्दाम दाराबाहेर जायचे, आणि चौकटीवरून येणारा गोण्यांचा धप्प आवाज ऐकायचे. त्या शेडमध्ये मला बसायला तशा खुर्च्या पुष्कळ होत्या. पण माझी अशी जागा उरली नव्हती, आणि ती परत मिळवायला माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता.

बसवायचा दिवस उजाडला. दुपारी चारला उद्यान खात्याचे साहेब पाहणीला येणार आणि ते हो म्हणाले की तिथल्या तिथे फाटक उघडणार, असं ठरलं होतं. घसरगुंडी आणि कमानी आधीच उभ्या झाल्या होत्या. कुंपणाबाहेर सकाळपासून पोरं नाकं लावून उभी होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं फक्त झोके टांगायचे होते. हिरव्या चौकटीला दोन खण, एकेका खणात दोन, असे चार झोके.

मी बाकावर बसून कमानीच्या एका बोल्टावर राहिलेला निळा ठिपका देत होते, तेवढ्यात इंजिनचा आवाज चढला. “मिस्त्रीकाका! हे काय आहे?”

मिस्त्री दोन फळ्या घेऊन चौकटीखाली उभे होते. पहिल्या खणात दोन झोके शेजारी शेजारी टांगले, तर फळीला फळी घासत होती. पोरं बसली असती तर दर हेलकाव्याला एकमेकांची ढोपरं फोडली असती. फळ्या भल्या रुंद होत्या. मला लांबूनच ओळखू आल्या, आणि ब्रश हातात तसाच राहिला.

“मी काय मापाने सांगितल्या होत्या?” इंजिन विचारत होती.

“तुम्हीच तर लिहून दिलंत!” मिस्त्रींनी फळी उलटी केली. मागे इंजिनच्या वळणदार अक्षरात खडूने स्वच्छ लिहिलं होतं, ‘आ. माप’.

“आ. माप म्हणजे आराखड्याचं माप!”

“आराखड्याचं?” मिस्त्रींना ते खरंच पहिल्यांदा कळत होतं. “अहो, आपल्याकडे आ म्हणजे आत्या. पहिल्यापासून. बाबांच्या वेळेला तर आराखडा नावाची वस्तूच नव्हती!”

ध चा मा झाल्याचं मी ऐकलं होतं. इथे आ चा आच राहिला होता आणि तरी घोटाळा झाला होता. मला इतकं हसू आलं की निळा ठिपका माझ्याच साडीवर पडला. इंजिन हसली नाही. तिला घाम फुटला होता. “चारही परत न्या. कापा, भोकं पाडा, कडेचं रबर पुन्हा लावा. चारपर्यंत होईल?”

“झालंच,” मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदाच पुढे भर घातली, “दोन होतील. चार नाही होणार.”

“तीन तरी?”

“दोन.”

मी उठून त्यांच्यापाशी गेले. खरं तर मला कुणी विचारलं नव्हतं. पण मला कधीच कुणी विचारत नाही आणि मी कधीच थांबत नाही. “दोनच ने. या खणात एकच लाव, मधोमध. असाच. रुंद.”

“आत्या, आराखड्यात चार आहेत.”

“असतील.”

“आणि एवढा रुंद झोका बागेत कुणाला लागतो?”

मग मी तिला सांगितलं. तिथेच, चौकटीखाली, मिस्त्री फळी धरून उभे असताना. रांगेचं सांगितलं, पोरींचं सांगितलं, ‘तू बसू नकोस, तुटेल’ ते सांगितलं. तो एकुलता एक झोका कुठे होता ती जागाही दाखवली. आम्ही उभे होतो तिथून चार हातांवर असेल. मी म्हटलं, “मोजून बनवलेल्या झोक्यावर मोजलेलंच पोर बसतं. ज्याला रांगेतून परत पाठवतात त्याचं माप कुठल्या आराखड्यात असतं, सांग ना. आणि नुसतं पोरच कशाला? ज्या आईला तान्हं मांडीवर घेऊन बसायचंय तिने काय करायचं? तुझी गोणी जिंकली, ते मी मान्य केलं. हे मी मान्य करणार नाही.”

इंजिन पुन्हा थांबली. दोनदा थांबलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मग तिने डोळे पुसले, मनगटाने, कारण हाताला ग्रीस होतं, आणि म्हणाली, “हे मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“तू चेहरा पाडशील म्हणून. बघ, पाडलासच.”

“आजोबांनी त्या फळीला वीतभर जागा का सोडली होती?”

“ते म्हणाले, पोर वाढणार आहे.”

त्यानंतर मात्र इंजिन सुरू झाली. मिस्त्रींना दोन फळ्या देऊन टेम्पोने पिटाळलं. “आणि काका, इथून पुढे आ नाही! आराखडा असेल तर आराखडा, आत्या असेल तर आत्या, पुरतं लिहायचं!” असं मागून ओरडली. मग साहेबांना फोन करून बदल सांगितला, आणि शिडीवर चढून पहिल्या खणाच्या कड्यांचे पट्टे सैल केले, मधोमध सरकवले, पुन्हा आवळले. टेप धरून दोन्ही बाजूंची जागा मोजली, स्वतःशी पुटपुटत हिशेब केला. “रुंद आहे म्हणजे यावर दोघं बसणार. दोन मोठी माणसं धरायची. नाही, तीन धरू, आपली माणसं कशी आहेत ते मला माहीत आहे.” साहेबांना दाखवायला गोण्या बरोबर आणलेल्याच होत्या. तिने त्यांतल्या त्या एका फळीवर चढवता येतील तेवढ्या चढवल्या आणि जेवणाच्या वेळेच्या पलीकडेही उतरवू दिल्या नाहीत. दर थोड्या वेळाने शिडीवर जाऊन एकेक जोड बोटाने चाचपून यायची. तिच्या जागी मी असते तर एव्हाना दोनदा चहा झाला असता.

मिस्त्री दोन फळ्या घेऊन चारच्या आत परत आले. खरंच झालं होतं.

साहेब आले. ते माझ्या जुन्या मापाचे होते, तेव्हा मला बघताक्षणी आवडले. घसरगुंडीवरून हात फिरवला, कमानी हलवून बघितल्या, लाद्यांवर टाच दाबली. झोक्यांपाशी येऊन थांबले. “चार होते ना?”

“तीन केले, साहेब,” इंजिन म्हणाली. “दोन लहान, एक रुंद. फोनवर बोलले होते मी.”

“हो, पण चाराचे तीन झाले.”

“तीनवर चारजण बसतील.”

साहेबांनी बोटांवर मोजून बघितलं आणि मान हलवली. “टिकेल का पण?”

“प्रत्येक ठिकाणी वजन ठेवलंय, साहेब. भरपूर ठेवलंय.”

साहेब दचकून इकडे तिकडे बघायला लागले. “अहो मॅडम, चार लोकांत असं मोठ्याने बोलू नका.”

मी पदर तोंडाला लावला. इंजिनला आधी कळलंच नाही, मग कळलं तशी ती कानापर्यंत लाल झाली आणि तिने गोण्यांकडे बोट दाखवलं. साहेबही मग मोकळे हसले. “बरं, आणि हा रुंद कुणासाठी म्हणायचा?”

मला वाटलं ती आता आराखडा उघडेल. तिने नाही उघडला. ती म्हणाली, “ज्यांना लोक सांगतात ना, तू बसू नकोस, त्यांच्यासाठी.”

साहेबांनी आपल्या पोटाकडे एकदा बघितलं, झोक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “असू दे. बरंच झालं.” फाटकाशी उभ्या असलेल्या माळ्याला त्यांनी हात केला. माळी किल्ली शोधायला लागला, आणि कुंपणाबाहेर एकच गलका उठला.

“आत्या,” इंजिन म्हणाली, “ते आत यायच्या आधी बस.”

“गोणीने सांगितलंय ना?”

“गोणीने टिकेल एवढंच सांगितलंय. चांगला आहे का ते तिला विचारून बघितलं, बोलत नाही.”

मी आढेवेढे घ्यावेत असं मला एकदा वाटलं. पण झोका समोर होता, आणि मी आयुष्यात आढेवेढ्यांवर कधी बसलेली नाही. साखळ्या धरल्या आणि बसले. सवयीने पार मधोमध. दोन्ही बाजूंना साखळ्या लागतील म्हणून कोपरं आत घेतली, तर साखळ्या लागल्याच नाहीत. मी खाली बघितलं. फळी माझ्या मापाची होती, आणि तिच्यावर दोन्हीकडे जागा उरली होती. माझं जे काही गेलं होतं ते मला आरशात नीट दिसलं नव्हतं, ते इथे लाकडावर मोकळं पडलेलं दिसलं. एक क्षणभर फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.

“सरक,” इंजिन म्हणाली.

“काय?”

“सरक ना, आत्या. एका बाजूला हो.”

मी सरकले. ती शेजारी येऊन बसली, ग्रीसने माखलेले हात, खिशातला पाना माझ्या कमरेला टोचतोय. आम्ही दोघी त्या फळीवर अगदी बरोब्बर मावलो, आणि वरती वीतभर उरली.

“तुटेल हो,” मी म्हटलं.

“मी मोजलंय,” ती म्हणाली.

मागे मिस्त्रींनी फळीला दोन्ही हात लावले. फाटकाचं कुलूप निघाल्याचा आवाज आला, पोरं धावत सुटली. मी कान दिला. कुठेही काही वाजत नव्हतं.

“ताई,” मिस्त्रींनी विचारलं, “काय म्हणता?”

मी म्हटलं, “जाऊ दे!”